'तांत्रिक बिघाड' म्हणजे नक्की काय झालं ते विचारा की कोणीतरी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात अधनंमधनं एक वाक्य येतं, "सॉफ्टवेअरमधील तांत्रिक बिघाडामुळे". कधी पतसंस्थेत व्याज चुकीचं जमा होतं, कधी कुणाच्या बिलात भलताच आकडा येतो, कधी निकालात पास झालेली पोरगी नापास दिसते, आणि बातमी त्या वाक्यापाशी येऊन थांबते. जसं काय वीज पडली आणि झाड मोडलं, त्यात कुणाचा काय दोष. मला हे वाक्य वाचलं की फार त्रास होतो कारण मी गेली सोळा वर्षं सॉफ्टवेअर तपासायचंच काम करते, आधी पुण्याला हिंजवडीत आणि २०१८ पासून इथं कुपवाड एमआयडीसीतल्या एका छोट्या कंपनीत, आणि मला माहितीय की सॉफ्टवेअर आपोआप बिघडत नाही. ते गंजत नाही, झिजत नाही. जे चुकतं ते आधीपासनंच चुकलेलं असतं, फक्त कुणी बघितलेलं नसतं. म्हणून हे पत्र लिहितीय, जरा मोठं होईल, पण जमलं तर पूर्ण छापा.

आमच्या कंपनीत बारा-तेरा माणसं आहेत. दूध संस्था, बेदाण्याचे अडते आणि दोन पतसंस्था यांना आम्ही सॉफ्टवेअर करून देतो. दिवाळीनंतर आमचा एक जुना क्लायंट सोडून गेला, भांडण नाही काही नाही, नुसतं सांगितलं की पुढच्या महिन्यापासनं दुसऱ्यांचं घेतोय. सरांना (आमचे मालक, आम्ही सगळे सरच म्हणतो) ते फार लागलं. दुसऱ्या दिवशी मला बोलावून म्हणाले, आपल्या सॉफ्टवेअरची क्वालिटी नक्की कशी आहे हे एकदा नीट मोजूया, तू कर, तुला दोन माणसं देतो आणि सहा आठवडे देतो. छोट्या कंपनीत कामावरची तीन माणसं सहा आठवडे नुसती तपासणीला लावणं म्हणजे काय असतं ते धंदा करणाऱ्याला विचारा. त्याबद्दल मला सरांचा मनापासून आदर आहे.

पण सुरुवात चुकली, आणि ती कशी चुकली ते सांगायला पाहिजे कारण बहुतेक ठिकाणी ती तशीच चुकते. सगळ्यात सोपं काय तर बग, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या चुका, मोजायचे. कुठल्या डेव्हलपरच्या कोडमधनं किती बग निघाले याची एक्सेल शीट केली, आणि कुणीतरी सुचवलं की ती इन्क्रीमेंटला जोडूया म्हणजे पोरं काळजीनं काम करतील. पंधरा दिवसांत बग कमी झाले. मला आधी बरं वाटलं, मग लक्षात आलं की पोरं माझ्या टेबलापाशी येऊन हळूच सांगतायत, मॅडम टिकेट (म्हणजे बगची नोंद) टाकू नका, आत्ता लगेच करून देतो. म्हणजे बग तेवढेच होते, फक्त वहीत लिहायचे बंद झाले. आणि वहीत नाही म्हणजे तोच बग तीन महिन्यांनी परत आला तर कुणाला आठवणार पण नाही. मी सरांना सांगितलं की ही शीट फाडा, आपण माणसं मोजायला बसलो तर सॉफ्टवेअर मोजताच येणार नाही. त्यांनी त्याच दिवशी सगळ्यांना एकत्र बोलावून सांगितलं की या तपासणीचा आणि पगाराचा काही संबंध नाही. त्यानंतर पोरांनी स्वतःहून येऊन जुन्या गोष्टी सांगितल्या, त्यातल्या दोन तर मला कधीच सापडल्या नसत्या.

पुण्यात मी ज्या मोठ्या कंपनीत होते तिथं वेगळा प्रकार होता. तिथं भिंतीवर क्वालिटीचं सर्टिफिकेट होतं आणि ऑडिटच्या आदल्या रात्री आम्ही बसून मागच्या तारखा टाकून चेकलिस्ट भरायचो. मी पण भरल्यात. ऑडिटवाल्याला कागद दिसले, सॉफ्टवेअर त्यानं उघडून पण बघितलं नाही. कागद नको असं माझं म्हणणं नाही, पण कागद म्हणजे क्वालिटी नाही.

मग क्वालिटी म्हणजे काय? यावर जगात बराच विचार झालाय. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचं यासाठी एक स्टँडर्ड आहे, आधी १९९१ ला ९१२६ नंबरचं आलं, मग २०११ ला त्याच्या जागी २५०१० आलं, त्यात आठ बाजू सांगितल्यात आणि २०२३ ला सुधारताना नववी घातली, जिवाची सुरक्षितता. नावं जड आहेत पण गोष्टी अगदी घरगुती आहेत. सांगितलेलं काम बरोबर करतंय का, वेळेत करतंय का, वापरणाऱ्याला जमतंय का, बंद पडलं तर परत उठतंय का, दुसऱ्या मशीनशी नीट बोलतंय का, माहिती भलत्याच्या हाती जात नाही ना, उद्या बदल करायचा झाला तर करता येतो का, आणि नवीन कॉम्प्युटरवर नेता येतं का. आपण ट्रॅक्टर घेताना यापेक्षा जास्त प्रश्न विचारतो. आम्ही टेस्टर लोक यातल्या पहिल्या बाजूवरच सगळा जीव टाकतो आणि बाकीच्यांकडं वेळ मिळाला तर बघतो.

दुसरी एक गोष्ट मला फार उपयोगी पडली ती म्हणजे व्हिक्टर बॅसिली नावाच्या अमेरिकेतल्या प्राध्यापकांची पद्धत. आधी ठरवा कशासाठी मोजताय, मग त्यातनं प्रश्न काढा, आणि शेवटी त्या प्रश्नाला लागतो तेवढाच आकडा मोजा. आम्ही उलटं करत होतो, आकडा हाताशी आहे म्हणून मोजत होतो. बसून ठरवलं की आपला हेतू एकच, संस्थेच्या काउंटरवरच्या माणसाचा आपल्या सॉफ्टवेअरवर भरवसा आहे का. आणि हा प्रश्न कुपवाडमध्ये बसून सुटण्यातला नव्हता.

म्हणून मी पलूस तालुक्यातल्या एका गावच्या दूध संस्थेत गेले, पहाटे साडेपाचला. गावाचं नाव लिहीत नाही. थंडी होती, बाहेर किटल्यांची रांग, आणि आत एका टेबलावर कॉम्प्युटर, शेजारी फॅटचं मशीन, खाली वजनकाटा. सचिव वयानं मोठे, सगळे त्यांना तात्या म्हणतात. मी म्हणलं तात्या तुम्ही तुमचं काम करा, मी नुसती कोपऱ्यात बसते. ते म्हणाले, "बस की पोरी, पर मधी बोलू नगंस, गर्दीत चुकतंय माझं." मी तीन दिवस बसले, सकाळ-संध्याकाळ.

आम्ही ऑफिसमध्ये टेस्ट करतो तेव्हा हात कोरडे असतात, उजेड असतो, आणि मागं कुणी "आवरा की तात्या, एसटी जाईल माझी" म्हणून ओरडत नसतं. तात्यांची बोटं दुधानं ओली. एंटर एकदा दाबलं तर लागतंय का कळत नाही म्हणून दोनदा दाबतात, आणि दोनदा दाबलं की आमचं सॉफ्टवेअर पुढच्या सभासदाचा कोड मागतंय, मग मागं यायला माउस, माउस ओला. लाइट गेली की यूपीएस दहा मिनिटं. हे सगळं मी लिहून घेत होते, पण मला सगळ्यात जास्त टोचली ती टेबलावरची वही.

लांबडी लाल पुठ्ठ्याची वही. प्रत्येक सभासदाचं दूध कॉम्प्युटरवर टाकलं की तात्या तेच सगळं परत वहीत लिहायचे, कोड, लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातला फॅट सोडून बाकीचा घन भाग). इतकी घाई असताना सुद्धा. मी दुसऱ्या दिवशी विचारलं की तात्या, कॉम्प्युटर असताना वही कशाला? म्हणाले, दोन वर्षांपूर्वी एकदा दहा दिवसांचं सगळं उडालं होतं, तेव्हापासनं लिहितोय. मला काय बोलावं कळेना. ते दहा दिवस आमच्या सपोर्टच्या रजिस्टरमध्ये आहेत, पुढं लिहिलंय "सोडवले". आमच्या दृष्टीनं सुटलं. तात्या मात्र दोन वर्षं रोज सकाळ-संध्याकाळ त्या एका चुकीपायी सगळं दोनदा लिहीत होते. कुठल्याही संस्थेत जा, कॉम्प्युटरशेजारी वही आहे का बघा. असेल तर त्या सॉफ्टवेअरबद्दल मला दुसरा रिपोर्ट नको.

आणि त्याच वहीतनं खरी चूक सापडली.

तात्यांकडं सहा-सात महिन्यांपूर्वी नवीन फॅटचं मशीन आलं होतं. जुनं मशीन एकच दशांश दाखवायचं, ४.३ किंवा ४.४. नवीन मशीन दोन दाखवतं, ४.३८. तात्या वहीत मशीनवर दिसतंय तसं ४.३८ लिहायचे. आणि सभासदाच्या हातात आमची जी पावती जायची तिच्यावर ४.३. दरपत्रक एका-एका पॉइंटचं असतं, म्हणजे ४.३ ला एक दर आणि ४.४ ला दुसरा, आणि संस्थेचा नियम असा की शेवटचा आकडा पाच किंवा जास्त असेल तर वरचा पॉइंट धरायचा. आमचं सॉफ्टवेअर वर-खाली काही बघत नव्हतं, दुसरा आकडा सरळ तोडून टाकत होतं. प्रत्येक वेळी तोटा शेतकऱ्याचाच. एका पॉइंटला लिटरमागं ३० पैसे धरा, सकाळ-संध्याकाळ बारा-बारा लिटर घालणाऱ्या माणसाचे एका वेळेला ३ रुपये ६० पैसे गेले. ज्या दिवशी दोन्ही वेळेला शेवटचा आकडा वरचा लागला त्या दिवशी ७ रुपये २० पैसे. बिल दहा दिवसांचं असतं, पेंडीचा भाव तुम्हाला माहितीय, मी हिशोब पुढं करत नाही.

हे आमच्या टेस्टिंगमध्ये का सापडलं नाही? कारण आमच्या सगळ्या टेस्ट केसमध्ये, म्हणजे तपासायला घेतलेल्या नमुन्यांत, फॅट एका दशांशाचंच होतं. मीच लिहिल्यात त्या. जुन्या मशीनला त्या अगदी बरोबर होत्या. कोड पण जुन्या मशीनला बरोबर होता, वर्षानुवर्षं चालला. मशीन बदललं, कोड तोच राहिला.

या जातीची चूक फार मोठ्या लोकांनी पण केलीय. ४ जून १९९६ ला युरोपचं एरियन ५ रॉकेट पहिल्यांदा उडालं आणि साधारण ३७ सेकंदांत भरकटलं आणि फुटलं. दिशा सांभाळणारं सॉफ्टवेअर एरियन ४ मधनं तसंच उचललेलं होतं. तिथं एक आडव्या वेगाशी निगडित आकडा ६४ बिटातनं १६ बिटात (बिट म्हणजे कॉम्प्युटरात आकडा ठेवायची घरं) घालायचे, १६ बिटात ३२,७६७ च्या वर मावत नाही, एरियन ४ चा वेग तेवढा जायचाच नाही म्हणून कधी अडलं नाही. नवीन रॉकेट जास्त जोरात गेलं आणि आकडा मावला नाही. आणि वाईट याचं वाटतं की तो कोडचा भाग उड्डाणानंतर लागतच नव्हता. म्हणजे चालतंय म्हणून न बघणं ही सवय पलूसपासनं अवकाशापर्यंत सारखीच आहे, आणि म्हणूनच तपासणीत पहिला प्रश्न हा पाहिजे की मागच्या वेळेपासनं आजूबाजूला काय बदललं.

दुरुस्ती करताना पण एकदा ठेच लागली, ती लिहिते कारण हा धंदा करणाऱ्या पोरांना उपयोगी पडेल. आमच्या पोरानं तोडायच्या ऐवजी जवळच्या पॉइंटला न्यायचा कोड लिहिला, बहुतेक आकडे बरोबर आले, पण ४.३५ टाकलं की ४.४ च्या ऐवजी परत ४.३. कारण कॉम्प्युटर हे दशांश नुसत्या शून्य आणि एकच्या आकड्यांत (बायनरीत) ठेवतं आणि ४.३५ त्याला नेमकं ठेवताच येत नाही, आत ते ४.३४९९९९ असं काहीतरी होऊन बसतं. मग पाचच्या खाली गेलं. शेवटी फॅट दशांशात ठेवायचं बंद केलं, ४३५ असा पूर्ण आकडा ठेवला. पैशांचं पण तेच, रुपये दशांशात ठेवू नका, सगळं पैशात ठेवा. हे पुस्तकात असतं, सगळ्यांनी वाचलेलं असतं, तरी होतं.

आता खरा अवघड भाग. चूक सापडली, दुरुस्त केली, पुढं काय? ऑफिसात दोन मतं पडली. एक मत असं की गुपचूप अपडेट पाठवू, आजपासनं बरोबर होईल, कशाला बोभाटा, क्लायंट जातील. मी म्हणलं की मागच्या सहा महिन्यांचं काय? सर दोन दिवस काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः फोन लावले, नवीन मशीनवाल्या सगळ्या संस्थांच्या चेअरमनना, आणि स्वच्छ सांगितलं की आमच्याकडनं अशी-अशी चूक झालीय. एका चेअरमननी फार बोलून घेतलं. सरांनी ऐकून घेतलं.

तात्यांच्या संस्थेत फरक काढता आला, वही होती ना. आम्ही तिघांनी चार दिवस बसून वहीतले आकडे भरले आणि सभासदवार यादी करून दिली, फरकाची रक्कम कंपनीनं संस्थेला दिली आणि पुढच्या बिलात ती सभासदांना पोचली. बाकीच्या संस्थांत मात्र वही नव्हती. आणि आमच्या सॉफ्टवेअरनं दुसरा आकडा नुसता तोडला एवढंच नाही, तो कुठं ठेवला पण नव्हता. मशीनकडनं आलेला मूळ आकडा जसाच्या तसा साठवायला काही खर्च येत नाही, पण तो गेला, कायमचा. त्या लोकांना किती द्यायचं हे आता कुणीच नेमकं सांगू शकत नाही. तिथं अंदाजानं काहीतरी ठरवून दिलं, पण अंदाजानं दिलेले पैसे आणि हक्काचे पैसे यात फरक असतो. ही गोष्ट मला अजून रात्री आठवते.

तात्यांच्या गावातल्या एका मावशींनी चार महिन्यांपूर्वीच तक्रार केली होती हे पण नंतर कळलं. त्या म्हणत होत्या की मशीनवर वेगळं दिसतंय आणि चिठ्ठीवर वेगळं येतंय. त्यांना रांगेतलीच माणसं म्हणाली, कॉम्प्युटर काय खोटं बोलतंय व्हय. आणि त्या गप्प बसल्या.

संपादक साहेब, 'कॉम्प्युटर खोटं बोलत नाही' या एका वाक्यानं जगात काय झालंय ते बघा. ब्रिटनमध्ये पोस्टानं १९९९ पासनं होरायझन नावाचं सॉफ्टवेअर आणलं, गावोगावच्या छोट्या पोस्टांचा हिशोब त्यावर. त्या सॉफ्टवेअरच्या चुकांनी हिशोबात तूट दिसायला लागली आणि पोस्टानं पोस्ट चालवणाऱ्या माणसांनाच चोर ठरवलं. नऊशेच्या वर लोकांना शिक्षा झाल्या, काही जेलमध्ये गेले, काहींनी घरदार विकून न झालेली तूट भरली, काहींनी जीव दिला. पोस्ट चालवणाऱ्यांनी फोन केला की पोस्टाकडनं सांगायचे, असं फक्त तुमच्याकडंच होतंय. ५५५ जण एकत्र येऊन कोर्टात गेले तेव्हा डिसेंबर २०१९ ला कोर्टानं मान्य केलं की सॉफ्टवेअरमध्येच दोष होते, आणि या लोकांना सरसकट निर्दोष ठरवायला २०२४ साल उजाडलं, त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. पंचवीस वर्षं गेली. आमच्या मावशींचा प्रश्न चार महिन्यांत सुटला, कारण कुणीतरी पहाटे जाऊन बसलं एवढंच.

कोडच्या आतनं काय निघालं ते थोडक्यात सांगते. बिल काढायचं एक फंक्शन (एका कामापुरता कोडचा तुकडा) होतं, त्यात जर-तर वर जर-तर चढलेले. थॉमस मॅककेब नावाच्या माणसानं १९७६ ला एक माप काढलंय, फंक्शनमधनं जायच्या स्वतंत्र वाटा किती हे मोजायचं आणि साधारण १० च्या आत ठेवायचं. आमचं त्याच्या कितीतरी वर होतं. ज्यानं लिहिलं तो पोरगा पुण्याला गेला आणि तेव्हापासनं त्याला कुणी हातच लावत नव्हतं, नवीन काही पाहिजे झालं की बाजूनं एक ठिगळ. आम्ही चौघांनी ते फंक्शन छापून घेतलं आणि टेबलावर ठेवून ओळ-ओळ मोठ्यानं वाचलं, एकजण वाचणार, बाकीचे विचारणार. असं वाचायची शिस्तशीर पद्धत पण १९७६ चीच, आयबीएममध्ये मायकल फेगन यांनी बसवलेली. कोड तपासायचं टूल चालवून रिपोर्ट काढता येतो, आम्ही काढला पण, पण चारजणांनी वाचताना "हे असं का?" हा प्रश्न जितक्या वेळा आला तितका टूलनं नाही विचारला.

बॅकअपचं मात्र सविस्तर सांगायला पाहिजे, कारण आपण सांगलीत राहतो. ऑगस्ट २०१९ ला आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी ४५. गणपती पेठेत आमचा एक क्लायंट होता, त्यांचं दुकान आणि कॉम्प्युटर पाण्यात. बॅकअप होता, रोज घेत होते, पेनड्राइव्हवर. तो पेनड्राइव्ह त्याच टेबलाच्या ड्रॉवरमध्ये. त्यानंतर आम्ही सगळ्यांना ऑनलाइन बॅकअप लावून दिला आणि सॉफ्टवेअरमध्ये हिरवा ठिपका दाखवायला लागलो, बॅकअप झाला. या तपासणीत पहिल्यांदाच आम्ही एक कोरा कॉम्प्युटर घेतला आणि प्रत्येक क्लायंटचा बॅकअप त्यावर खरंच उघडून बघितला. दोघांचा उघडलाच नाही. ठिपका हिरवाच होता. पूर आला असता तर आम्हाला हे त्या दिवशी कळलं असतं. जो बॅकअप कधी उघडून बघितला नाही त्याला बॅकअप म्हणू नये, आणि आपल्या जिल्ह्यात तर हे जूनच्या आत व्हायला पाहिजे, दरवर्षी.

आता माझं म्हणणं. वजनकाट्याला वैधमापन खात्याचा शिक्का लागतो, दर वर्षी तपासून घ्यावा लागतो, मार्केट यार्डात हळदीचा सौदा असो नाहीतर गावातली दूध संस्था असो. शिक्का नसला तर दंड होतो आणि तो व्हायलाच पाहिजे. पण काट्यानं सांगितलेल्या आकड्याला दरानं गुणून पैसे ठरवणारं जे सॉफ्टवेअर आहे ते गावच्या संस्थेत बसवताना कुणी तपासलंय का, असं मला गेल्या सात-आठ वर्षांत एकाही संस्थेनं विचारलं नाही. किंमत विचारतात, मोबाइलवर मेसेज जातो का विचारतात, डेमो बघतात. माझी सगळ्या संस्थांच्या संचालकांना हात जोडून विनंती आहे की सॉफ्टवेअरवाल्याला विचारा, तुमची शेवटची तपासणी कधी झाली आणि त्यात काय सापडलं. काहीच सापडलं नाही म्हणाला तर त्याच्याकडनं घेऊ नका, कारण टेस्टिंगनं चूक आहे हे दाखवता येतं, चूक नाहीच हे दाखवता येत नाही, हे डायक्स्ट्रा नावाच्या कॉम्प्युटर शास्त्रज्ञांनी १९६९ लाच सांगून ठेवलंय. विचारा, माझा बॅकअप माझ्यासमोर उघडून दाखवा. विचारा, मशीनकडनं आलेला मूळ आकडा साठवता का. हे विचारायला इंजिनियर असावं लागत नाही.

आमच्यासारख्या छोट्या कंपन्यांना पण सांगते, सांगली-मिरज-कुपवाडला आपण बरेच आहोत, ही तपासणी परवडत नाही असं वाटतं पण सगळ्यात महत्त्वाचं जे सापडलं त्याला आम्हाला पहाटेच्या एसटीचं तिकीट लागलं. आणि वालचंद इंजिनियरिंग कॉलेजला आणि बाकीच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाची पोरं दरवर्षी नवीन काहीतरी बनवतात, त्यातल्या काहींनी प्रोजेक्ट म्हणून एखाद्या गावातलं चालू सॉफ्टवेअर नुसतं तपासून दाखवलं तर त्या गावाचं भलं होईल आणि पोरांना बाहेर नोकरीत जे लागतं ते इथंच शिकायला मिळेल.

आणि तुम्हाला एकच विनंती. पुढच्या वेळी कुणी प्रेसनोटमध्ये "तांत्रिक बिघाड" लिहून पाठवलं तर तुमच्या वार्ताहराला सांगा की फोन करून एवढं विचार, काय बिघडलं, कधीपासनं बिघडलेलं होतं, आणि ज्यांचे पैसे गेले त्यांना ते कसे परत मिळणार. उत्तर मिळालं तर छापा, नाही मिळालं तर उत्तर दिलं नाही असं छापा.

हे पत्र पाठवायच्या आधी मी सरांना वाचायला दिलं होतं, त्यांनी एक ओळ पण काढायला सांगितली नाही. एंटर दोनदा दाबायचा प्रश्न सुटला, आता पहिल्यांदा दाबलं की आवाज येतो. तात्यांकडं मागच्या आठवड्यात परत जाऊन आले. वही अजून टेबलावरच आहे. मी विचारलं नाही. एक वर्ष नीट चाललं तर बघू म्हणाले ते स्वतःहूनच.

आपली,
एक नियमित वाचक
विश्रामबाग, सांगली